आंब्याचे लांब ओंडके

५ मार्च १९८९, रविवार

मिलमध्ये होतो तेव्हा पाळी सुटली की रजिस्टर भरावं लागायचं. दाब किती चढला, तेल किती गेलं, काय बिघडलं. मिल बंद पडली, धुळ्याची खोली सोडली, पिंपळनेरला घरी येऊन वर्ष होत आलं, तरी संध्याकाळ झाली की हात पेन शोधतो. म्हणून ही वही काढली. बायको भागाबाई म्हणाली, "आते काय चूलनं बी रजिस्टर लिखशात?" लिहीन. सगळं चुलीपासूनच तर सुरू झालंय.

माय गेली ती श्रावणात, दोन वर्षांपूर्वी. झड लागली होती, थांबायचं नाव नाही. घरात लाकूड ओलं, आलेल्या माणसांना चहा द्यायचा तर चूल नुसती धुमसत होती. नदीकाठी तर विचारू नका. माय पेटेना. शेवटी कुणीतरी ट्रॅक्टरचं फाटकं टायर आणून घातलं आणि वरून रॉकेल ओतलं. तो वास अजून कधी कधी येतो. आबा, माझे वडील, तिथून हलायला तयार नव्हते, दोघांनी धरून आणावं लागलं. मी तेव्हाच ठरवलं, या घरात परत ओलं लाकूड नको. बारीक फोडलेलं, पत्र्याखाली रचलेलं, कडकडीत वाळलेलं पाहिजे. पण भागाबाईचा खांदा गेलाय आणि आबा ऐंशीला टेकलेत, तरी कुऱ्हाड सोडत नाहीत.

तर मशीन करायचं. कापूस दाबून त्याच्या दगडासारख्या गाठी करणारा हायड्रॉलिक दट्ट्या मी उभी उमर सांभाळला. तो कापूस दाबतो तर लाकूड का फोडणार नाही? भागाबाईला हे सांगितलं तर म्हणाली, "यंत्र कोनकरता शे ते माले माहीत शे." म्हणजे काय, ते पुढे बोललीच नाही. तिच्याकरताच आहे, दुसऱ्या कुणाकरता?

१२ मार्च, रविवार

अन्वर वेल्डरकडून सांगाडा आला. माणूस कामाचा, पण बोलण्यात वेळ फार घालवतो. लोखंडी गर्डर आडवा टाकलाय. त्याच्या एका टोकाला मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा जॅक, दुसऱ्या टोकाला पोलादी पाचर. विहिरीवरची जुनी मोटर पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या लाकडाला पाचरीवर नेऊन दाबतो. इतकं सोपं आहे, पण शेजारचा झुलालनाना येऊन तीनतीनदा विचारून गेला की कुऱ्हाड कुठे आहे.

पहिलं लाकूड निंबाचं. लिव्हर ओढला, दट्ट्या सरकला, लाकूड कडकडलं आणि मधोमध उकललं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. दुसरं बाभळीचं, गाठीचं. ते पाचरीत असं रुतून बसलं की दट्ट्या मागे आला, लाकूड आलं नाही. मग मी आणि अन्वर पाऊण तास घण मारत बसलो. झुलालनाना म्हणाला, "हाई तर कुऱ्हाडथून बी भारी शे." हसा म्हटलं.

आबा ओट्यावरून बघत होते. शेवटी उठून आले, गर्डरवर हात फिरवला आणि एकच विचारलं. "यामा कितलं लांब लाकूड मावस?"

मी सांगितलं, हातभर. चुलीला तेवढंच लागतं. आबांनी मान हलवली आणि गेले. नाराज झाले की काय कळेना. बहुतेक मशीन छोटं वाटलं असेल.

२३ मार्च, गुरुवार

काल होळी झाली. पोरं लाकडं पळवतात हे काय नवीन नाही, आम्हीही पळवली. यंदा मीच फोडलेली बाभूळ गाडीभर देऊन टाकली, म्हटलं चोरू नका. पाचरीच्या दोन बाजूंना अन्वरने आडकाठ्या लावल्यात, त्यामुळे दट्ट्या मागे येताना रुतलेलं लाकूड आपोआप निघून पडतं. आता कितीही फोडा.

पण आबांचं काय चाललंय ते समजत नाही. बांधावरचा आंबा मागल्या वैशाखात वाऱ्याने पडला होता. त्याचे ओंडके आबांनी स्वतः उभं राहून कापून घेतले आणि गोठ्यामागे विटांवर ठेवले. ओंडके कसे, तर माणूसभर लांब. जळणाचं लाकूड इतकं लांब कोण कापतं? काल आबा संध्याकाळपासून काठी घेऊन त्या ओंडक्यांवर बसले ते होळी विझेपर्यंत उठले नाहीत. पोरांनी फार चिडवलं. बाभळीची गाडी जाताना बघूनही त्यांना काही वाटलं नाही, आणि आंब्यासाठी एवढी राखण.

सकाळी म्हटलं, आबा, ते ओंडके मशीनवर घेऊ का. तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. त्याले हात लावू नको."

"का?"

"आंबा शे तो."

आंबा आहे हे मलाही दिसतंय. यात उत्तर कुठे आहे?

२ एप्रिल, रविवार

अन्वरकडे गेलो होतो. पाचर बदलायची आहे. आडवीउभी फुलीसारखी केली तर एका दाबात लाकडाचे चार तुकडे होतील. दाब पुरेल का ते बघायचं.

त्याच्या अंगणात सुगराबी, म्हणजे त्याची आई, दोरीवर पांढरंशुभ्र कापड वाळत घालत होती. लांबच लांब, कोरं. मी विचारलं, लग्न आहे का घरात. अन्वर म्हणाला, "नाही हो अभिमनभाऊ. अब्बा हज करून आले ना, तेव्हा तिथल्या पाण्यात भिजवून आणलं. कफन आहे त्यांचं. अम्मी दर साल ऊन दाखवते आणि परत ट्रंकेत ठेवते. आम्हा पोरांना त्या ट्रंकेला हात लावायची बंदी."

अब्बा तिथेच बाजेवर बसून चहा पीत होते. धडधाकट माणूस. मला कसंतरीच झालं. जिवंतपणी असल्या गोष्टी कशाला काढून ठेवायच्या? अन्वरला तसं म्हटलं तर तो हसला. "अब्बा म्हणतात, आता बेफिकीर झोप लागते." जगात माणसं तऱ्हेतऱ्हेची असतात.

घरी येताना वाटेत पाचरीचाच विचार चालू होता.

९ एप्रिल, रविवार

फुलीची पाचर झकास चालते. निंबाचे चार तुकडे, एकदम सरळ. उजव्या अंगठ्याचं नख मात्र गेलं. म्हणून आता दोन लिव्हर केलेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय दट्ट्या हलत नाही, म्हणजे हात लाकडाजवळ जाण्याचा प्रश्नच नाही. ही माझी स्वतःची कल्पना आहे, अन्वरची नाही. तो उगीच सांगत फिरेल.

दुपारी जेवून गोठ्यामागे गेलो तर आबा जमिनीवर झोपलेले. आंब्याच्या ओंडक्याला अगदी लागून, उताणे, पाय ताणून, टाचा बरोबर ओंडक्याच्या टोकाशी. मी घाबरलोच. म्हटलं, आबा, चक्कर आली का? खाट सोडून इथे का?

त्यांनी डोळे उघडले. मान वळवून डोक्याकडचं टोक बघितलं. म्हणाले, "बराबर शे."

"काय बरोबर आहे?"

"काही नही. थंड लागस आठे."

तिथे कसला थंडावा? ऊन पार ओंडक्यावर आलं होतं. भागाबाईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि परत थापायला लागली. मी म्हटलं, आबांना धुळ्याला डॉक्टरकडे न्यावं का, डोक्याचा काही भाग असेल. तर म्हणाली, "आबानं डोकं चांगलं शे. तुम्हीन तुम्हनं यंत्र पाहा." या घरात सरळ कुणी बोलेल तर शपथ.

१४ एप्रिल, शुक्रवार

आज उलगडलं. निदान मला तसं वाटतंय. आबांनी पहिल्या दिवशी काय विचारलं होतं? किती लांब लाकूड मावतं. आणि आंब्याचे ओंडके लांबच ठेवलेत. म्हणजे त्यांना ते अख्खेच्या अख्खे फोडून हवेत, पण माझ्या मशीनमध्ये बसत नाहीत, आणि मला कमीपणा नको म्हणून बोलत नाहीत. आबांचा स्वभावच तसा. मागण्याची सवय नाही.

गर्डर वाढवायचा. दट्ट्याची धाव कमी आहे, पण टप्प्याटप्प्याने ओंडका पुढे सरकवता येईल. अन्वरला आगाऊ सांगून ठेवलं. घरात कुणाला बोललो नाही.

१७ एप्रिल, सोमवार

आबा आज सावद्याला गेले. ताईबाईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, पोरीची सुपारी फुटायची आहे. झुलालनाना सोबत आहे. एसटीत बसताना आबा खिडकीतून म्हणाले, "तठे मागे ध्यान ठेवजो." मी म्हटलं, काही काळजी करू नका. त्यांना बघूनच समजत होतं की जीव ओंडक्यांत अडकलाय. म्हटलं, या तर खरं परत.

२१ एप्रिल, शुक्रवार

झालं. अन्वर आणि मी दोघांनी मिळून केलं. लांब गर्डर, मधे आधाराला दोन रूळ. पहिला ओंडका चढवताना कंबर मोडायची वेळ आली, पण एकदा बसला की बसला. आंबा बाभळीसारखा भांडत नाही. पाचर लागली की आतून लालसर, कोरडा, सुवासिक लाकडाचा फाळा सुटून येतो. वर्षभर विटांवर वाळलेलं लाकूड, त्याचा आवाज वेगळाच. टोकापासून टोकापर्यंत चार फाळे. मग करवतीने हातहातभर कापले. सगळे ओंडके संपवले. पत्र्याखाली अशी रास लागलीय की भिंत बांधल्यासारखी दिसते.

भागाबाई माहेरी होती. संध्याकाळी आली, रास पाहिली आणि ओसरीत खालीच बसली. मी म्हटलं, कशी वाटली? तिने पदर तोंडाला लावला. रडत होती. आनंदाने म्हणावं तर तसं काही दिसेना. विचारलं, तर "हाई काय करं तुम्हीन" एवढंच. परत विचारलं. असल्या गोष्टी तोंडातून काढू नयेत, म्हणाली. कसल्या गोष्टी? मी काय पाप केलंय?

२५ एप्रिल, मंगळवार

आबा आले. केळीचा फणा आणला होता. मी त्यांना हाताला धरून पत्र्याखाली नेलं. म्हटलं बघू दे.

आबा राशीजवळ गेले. मग एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, परत जागच्या जागी ठेवला. "बठ्ठं फोडी टाकं?"

"सगळं. एकही ओंडका ठेवला नाही."

"चांगलं करं, भाऊ."

माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घरात गेले. हात हलका लागला, म्हणजे जसा नेहमी लागतो तसा नाही. रात्रीची भाकरी परत पाठवली. प्रवासाने थकले असतील.

१ मे, सोमवार

आबा जेवत नाहीत. म्हणजे बसतात, एक घास घेतात, हात धुतात. बोलतात तेवढं गोड बोलतात. मी काही चुकलो असेन तर शिव्या द्या म्हटलं, तर म्हणतात, नही रे. संध्याकाळी आभाळाकडे बघत बसतात. पावसाला अजून अवकाश आहे, तरी विचारतात, "औंदा पानी लवकर ई का?" शेत तर वाट्याने दिलंय, पावसाची एवढी चिंता कशाला?

आणि दुसरं, भागाबाई आंब्याचा एक तुकडा चुलीत घालायला तयार नाही. बाभूळ संपत आली तरी शेण्या लावते. मी स्वतः दोन तुकडे आणून चुलीपाशी ठेवले. तिने उचलून परत राशीत नेऊन ठेवले. म्हणाली, "ते लाकूड मी चूलमा घालाव नही."

"जळणाला केलंय ना?"

"चूलना जळणले नव्हतं ते."

मग कसल्या जळणाला? मला वेड लागायची वेळ आलीय. मशीन उत्तम चालतंय, गावातून माणसं बघायला येतात, आणि माझ्याच घरात मी कुणाचा तरी मुडदा पाडल्यासारखं वातावरण आहे.

८ मे, सोमवार. आखाजी, अक्षय्य तृतीया

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

सकाळी मायच्या नावाची घागर भरली. वर खरबूज ठेवलं. भागाबाईने खापरावर पुरणाच्या पोळ्या केल्या, त्याही शेण्यांवर. पोळ्या झाल्यावर आबांनी निखारे ओढून घेतले आणि आगारी टाकायला बसले. गेलेल्या माणसांच्या नावाने विस्तवावर पोळी आणि तूप टाकायचं, ते मी दर वर्षी बघतो. मागच्या वर्षी माझं लक्ष नव्हतं. यंदा मी मागे तांब्या घेऊन उभा होतो.

आबांनी पोळीचा तुकडा टाकला, तूप सोडलं. निखारा फुलला. आबा मायशी बोलायला लागले. मी मागे आहे हे विसरले असतील.

"तुले ओलं लाकूड मियनं," म्हणाले. "टायर टाकं तुन्हावर. मी देखी ऱ्हायनू, काही करता नही उनं. मन्हं मी सुकं करी ठेयल व्हतं. आते माले बी काय मियी, काय माहीत."

तांब्या माझ्या हातातून सुटला.

अन्वरच्या अंगणातलं कापड डोळ्यापुढे आलं. पोरांनी हात लावायचा नाही ती ट्रंक. आणि मग एकेक करून सगळं. होळीची राखण. ओंडक्याशेजारी ताणलेले पाय. बराबर शे. आबांनी स्वतःसाठी लाकूड सुकवलं होतं. आंब्याचं, चांगलं, मापाचं, पावसात कुणावर वेळ येऊ नये म्हणून. आणि मी त्याच्या चुलीच्या काड्या केल्या. वर विचारलं, कशी वाटली.

भागाबाईवर ओरडलो. तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "जित्ता माणूसनं असं घरमा कोन तोंडमाईन काढस? आनि सांगतू कवय? तुम्हीन मी नसतांना करं." खरं आहे. तिला बोलून काय उपयोग.

आबांपुढे जाऊन बसलो.  म्हटलं, मला एकदा तरी सांगायचं होतं आबा.

"तू इतला खूश व्हता," आबा म्हणाले. "काय सांगू तुले?"

मी लहान पोरासारखा रडलो. मायच्या वेळी रडलो नव्हतो, धावपळीत होतो. आज कशाचं किती रडलो ते मलाच कळलं नाही.

९ मे, मंगळवार

झुलालनानाच्या बांधावर आंब्याचं एक झाड उभंच वठलंय. दोन वर्षं पान नाही. सकाळी उठून त्याच्याकडे गेलो. कशाला पाहिजे ते सांगावं लागलं नाही, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि करवतवाल्याला निरोप धाडला. उन्हाळा अजून बाकी आहे, पाऊस लागायच्या आत आणखी सुकेल.

करवतवाला म्हणाला, "केवढे कापू?"

 जॅकची धाव तोंडपाठ, पाचरीची जाडी तोंडपाठ, गर्डरचं वजन झोपेत विचारा. आबा केवढे आहेत ते मला माहीत नाही.

घरी आलो. अन्वरचा मोजायचा टेप पिशवीत होता. आबांना कसं विचारायचं? म्हटलं खाट मोजू, त्यावरून अंदाज येईल. आबा ओट्यावर बसले होते. मी गुपचूप आत गेलो आणि खाटेवर टेप लावला, तर तो सारखा सुटून परत गुंडाळला जात होता. एका माणसाला ते जमतही नव्हतं. 

मागे वळून बघितलं तर आबा दारात.

मी टेप लपवायला गेलो.  आत आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि खाटेवर उताणे झोपले. पाय ताणले, टाचा जुळवल्या, हात अंगालगत घेतले.

"घे," म्हणाले.

मी डोक्याशी टेप धरला आणि पायाशी गेलो. टाचेला हात लागला. भेगांनी भरलेली, गरम टाच. किती वर्षांत मी त्या पायांना हात लावला नव्हता, आखाजी-दिवाळीला वाकायचो तेवढंच. आकडा वाचला, परत वाचला, डोळ्यांत पाणी म्हणून दिसत नव्हता.

"थोडं जास्त धर," आबा छताकडे बघत म्हणाले. "कमी पडाले नको."

२१ मे, रविवार

ओंडके आले. आबांनी प्रत्येकावर हात फिरवला, एकाला नापास केलं, आतून पोकळ होता. तो मशीनवर घे म्हणाले. बाकीचे पत्र्याखाली ठेवायचे तर जागा नव्हती. मी आणि अन्वरने मशीन ओढून बाहेर अंगणात आणलं. पावसात त्याचं काय होईल ते होईल, वर पोतं टाकू, सिलिंडरला तेल लावू.  

आबा आत जाऊन पत्र्याकडे बघत उभे राहिले. "गळस का?"

मी वर चढलो. अन्वरने खालून बादल्या दिल्या, मी सगळ्या पत्र्यावर पाणी ओतलं. आबा खाली ओंडक्यांवर हात ठेवून वर बघत होते. एक थेंब आला नाही.

"नही गळत," आबांनीच सांगितलं.

मग ते राशीकडे गेले. मी फोडलेल्या त्या आंब्याच्या राशीतून चार तुकडे काढून काखेत घेतले आणि थेट चुलीपाशी जाऊन ठेवले. भागाबाई उठून उभी राहिली, ती हात लावेना. तेव्हा आबा स्वतः बसले, शेणी बाजूला केली, आंब्याचा तुकडा आत सरकवला. लगेच पेटला. धूर नाही, काही नाही.

"देख कसं जळस," मला म्हणाले. "चांगलं फोडेल शे."

मग पाट ओढून चुलीपुढे बसले आणि भागाबाईला म्हणाले, "चहा ठेव. आनि भाकरी बी टाक. आते माले काही घाई नही."